प्रकरण अभ्यास : 46 सेकंदांचा व्हिडिओ, एक उर्दू कविता आणि कलम 299

धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला की घरात पहिला प्रश्न पडतो तो 'अटक होईल का?' दुसरा, 'पोस्ट आत्ताच्या आत्ता काढून टाकू का?' तिसरा प्रश्न मात्र फार उशिरा सुचतो, पोलीस ठाण्यातही आणि कधी कधी न्यायालयातही : जे लिहिलंय किंवा ऐकवलंय, त्यात मुळात गुन्हा आहे का? खाली मांडलेलं प्रकरण या तिसऱ्या प्रश्नाचं आहे. तो विचारला जायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

फिर्यादीचं आणि आरोपीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. प्रकरण गाजलेलं आहे, शोधणाऱ्याला नावं सहज सापडतील. पण नावाबरोबर पक्ष येतो, आणि पक्ष कळला की अर्धे वाचक कागद न उघडताच निकाल देऊन मोकळे होतात.

पार्श्वभूमी

29 डिसेंबर 2024 रोजी गुजरातमधल्या जामनगर शहरात सामूहिक विवाहसोहळा होता. राज्यसभेचे एक खासदार त्याला पाहुणे म्हणून आले होते. ते मूळचे उत्तर प्रदेशचे, स्वतः मुशायरे गाजवणारे उर्दू शायर, आणि राज्यसभेवर गेलेले महाराष्ट्रातून. सोहळ्यानंतर त्यांच्या 'एक्स' खात्यावर 46 सेकंदांचा व्हिडिओ आला. खासदार हात हलवत चालताहेत, त्यांच्यावर फुलांच्या पाकळ्या पडताहेत आणि मागे एक उर्दू कविता ऐकू येते आहे, एवढंच त्यात आहे.

3 जानेवारी 2025 रोजी जामनगरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. कवितेचे शब्द चिथावणीखोर आहेत, राष्ट्रीय एकतेला बाधक आहेत आणि धार्मिक भावना दुखावणारे आहेत, असा फिर्यादीचा आरोप होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं त्यात लागली : 196 (गटागटांत वैर वाढवणं), 197 (राष्ट्रीय एकात्मतेला बाधक विधानं), 299 (धर्माचा अपमान करून धार्मिक भावना भडकावणं), 302 (धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेले शब्द) आणि 57 (दहाहून अधिक लोकांना गुन्ह्यासाठी चिथावणं). जुन्या भारतीय दंड संहितेची सवय असलेल्यांसाठी सांगायचं तर अनुक्रमे 153-अ, 153-ब, 295-अ, 298 आणि 117.

यातलं 299, म्हणजे जुनं 295-अ, जरा थांबून पाहायला हवं. हे कलम 1927 मध्ये इंग्रजांनी घातलं. स्वातंत्र्यानंतर त्याला आव्हान मिळालं तेव्हा, 1957 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते वैध ठरवलं. पण वैध ठरवताना त्याची व्याप्ती आवळली. धर्माचा कुठलाही अपमान या कलमात बसत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. नकळत, निष्काळजीपणे किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान कलमाच्या बाहेर राहतो. आज पोलीस ठाण्यांत ज्या सहजतेने हे कलम लागतं ते पाहता, 1957 चा निकाल तिथवर पोचलाच नसावा असं वाटतं.

नेमका पेच

कविता उर्दू, गुन्हा नोंदवणारं ठाणं गुजरातेत, आणि वाद शब्दांच्या अर्थाचा. कवितेचा आशय थोडक्यात असा : रक्ताला तहानलेल्यांनो, ऐका. हक्काच्या लढाईत आमच्या वाट्याला जुलूम आला तर त्या जुलमालाही आम्ही प्रेमानेच तोंड देऊ. आमच्याच माणसांची प्रेतं तुमच्या सिंहासनाला धोका वाटत असतील, तर देवाशपथ, आम्ही ती हसत हसत पुरू.

घाईत ऐकणाऱ्याच्या कानात 'रक्त', 'प्रेतं' आणि 'सिंहासन' हे तीनच शब्द राहतात, आणि त्या तीन शब्दांची गोळाबेरीज धमकी अशीच होते. पण प्रेतं कुणाची? आपल्याच माणसांची. पुरणारे कोण? आपणच. मारण्याची भाषा कवितेत कुठेच नाही, आहे ती सोसण्याची. कुठल्याही धर्माचं, जातीचं, पंथाचं किंवा देवतेचं नाव नाही. राज्यकर्त्यांना उद्देशून लिहिलेल्या कवितेत धार्मिक भावना कुणाच्या दुखावल्या, याचं उत्तर फिर्यादीत सापडत नाही.

कोणते पर्याय होते

अशा वेळी कायद्यात जे रस्ते असतात ते सांगतो. प्रत्यक्षात वकील आणि अशील यांच्यात काय बोलणं झालं हे त्यांनाच ठाऊक.

पहिला रस्ता म्हणजे तपासाला सामोरं जायचं, जबाब द्यायचा आणि वाट पाहायची. तपासी अंमलदाराला तथ्य आढळलं नाही तर तो न्यायालयात प्रकरण बंद करण्यासाठीचा समरी अहवाल देतो; आपल्याकडच्या कोर्टांत 'बी समरी', 'सी समरी' म्हणतात ते हेच. रस्ता स्वस्त, पण किती वर्षांचा ते कुणी सांगू शकत नाही. शिवाय 196 आणि 299 या कलमांखाली न्यायालयाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. ही मंजुरी आरोपीसाठी ढाल आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. व्यवहारात ती दोषारोपपत्राच्या टप्प्यावर येते. तोवर गुन्हा दाखल झालेला असतो, मोबाइल जप्त झालेला असतो, पासपोर्टचं काम अडलेलं असतं.

दुसरा, अटकपूर्व जामीन. त्याने माणूस कोठडीबाहेर राहतो, गुन्हा मात्र जागच्या जागी राहतो. (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, अटकपूर्व जामिनाचं कलम 482 आहे. जुन्या संहितेत 482 हे गुन्हा रद्द करण्याच्या अधिकाराचं कलम होतं, ते आता 528 झालं. जुन्या वकिलांच्या तोंडून अजून 482 म्हणजे क्वॉशिंगच निघतं, तेव्हा अशिलाने नेमका कोणता अर्ज चाललाय ते दोनदा विचारून घ्यावं.)

तिसरा रस्ता सगळ्यात मोहाचा : पोस्ट काढा, माफी मागा, फिर्यादीशी मिटवा. गावपातळीवर हेच होतं आणि पुष्कळदा वातावरण निवतंही. पण 196 आणि 299 हे आपसांत मिटवता येणारे गुन्हे नाहीत. फिर्यादी उद्या 'माझी तक्रार नाही' म्हणाला तरी खटला आपोआप संपत नाही, आणि घाईघाईने लिहिलेली माफी पुढे हेतूची कबुली म्हणून समोर ठेवली जाऊ शकते.

चौथा, थेट उच्च न्यायालय. फिर्यादीत लिहिलेलं सगळं शब्दशः खरं मानलं तरी गुन्हा होत नाही, एवढं एकच दाखवायचं असतं. तिथे पुरावा तपासत नाहीत. शब्दांच्या गुन्ह्यात हा रस्ता खास उपयोगी पडतो, कारण पुरावा म्हणजे ते शब्दच, आणि ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांपुढे असतात. चोरीत चोर शोधावा लागतो, खुनात हत्यार. कवितेत काय शोधायचं?

खासदारांनी चौथा रस्ता धरला.

उच्च न्यायालयात

17 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे गुन्हा दाखल झाल्यावर दोन आठवड्यांत, गुजरात उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. कारणं साधारण अशी होती. कवितेचा रोख सत्तेच्या सिंहासनाकडे आहे. पोस्टखाली आलेल्या प्रतिक्रिया पाहता सामाजिक सलोखा बिघडू शकतो असं दिसतं. आरोपी खासदार आहेत, त्यांनी आपल्या कृतीचे परिणाम ओळखून जास्त जबाबदारीने वागायला हवं. तपास अगदी प्राथमिक अवस्थेत आहे, अशा वेळी न्यायालयाने हात घालू नये. पोलिसांच्या नोटिशीनंतरही ते हजर राहिले नाहीत, हेही नोंदवलं गेलं.

यातलं जबाबदारीचं कारण अगदीच हवेतलं नाही. 2020 मध्ये एका वृत्तनिवेदकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्यावर जबाबदारीही जास्त. त्या निवेदकाने एका सूफी संताबद्दल काढलेल्या उद्गारांवरचे गुन्हे न्यायालयाने रद्द केले नाहीत, एका ठिकाणी एकत्र करून दिले. म्हणजे असा गुन्हा दर वेळी रद्द होतोच असं मुळीच नाही.

प्रतिक्रियांचं कारण मात्र मला पटत नाही. पोस्टखाली कोण काय लिहितं यावर लिहिणाऱ्याचा ताबा नसतो. कॉमेंटवाल्यांच्या भरवशावर गुन्हा ठरवायचा तर श्रावणाच्या शुभेच्छांनाही 299 लागेल. तपास प्राथमिक अवस्थेत असल्याचं कारणही शब्दांच्या गुन्ह्यात लंगडं पडतं. अवस्था पुढे सरकली म्हणून कवितेचा अर्थ बदलत नाही.

मधल्या काळात प्रकरणाला एक आडवाट फुटली : कविता नेमकी कुणाची? खासदारांच्या बाजूने प्रतिज्ञापत्रात सांगितलं गेलं की उपलब्ध माहितीवरून, चॅटजीपीटीवरच्या शोधासह, ती फैज अहमद फैज किंवा हबीब जालिब या प्रसिद्ध उर्दू शायरांपैकी एकाची असावी. मग पुढच्या सुनावणीत राज्याच्या बाजूने, ही फैजची असूच शकत नाही, ही सडकछाप आहे, असा प्रतिवाद आला. कविता चांगली की वाईट यावर उच्च पदांवरचे वकील बोलताहेत हे दृश्य गमतीचं खरं, पण कायद्याच्या दृष्टीने मुद्दा शून्य किमतीचा. थोर कवीची ओळही गुन्हा ठरू शकते आणि रस्त्यावरच्या शाहिराची ओळही निर्दोष असू शकते.

सर्वोच्च न्यायालयात

21 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांचं पीठ होतं. फेब्रुवारीच्या सुनावणीतच पीठाने विचारलं की उच्च न्यायालयाने कवितेचा अर्थ लक्षात घेतला आहे का. ही तर हिंसा झाली तरी आम्ही हिंसा करणार नाही, असं सांगणारी कविता आहे. प्रकरणाचं वळण तिथेच कळलं.

28 मार्च 2025 रोजी निकाल आला आणि गुन्हा रद्द झाला. 299 बद्दल न्यायालयाचे शब्द कडक आहेत : या कृतीमागे कुणाच्या धार्मिक भावना भडकावण्याचा हेतू होता असं म्हणणं हास्यास्पद आहे. हक्काच्या लढ्याला अन्यायाने उत्तर मिळालं तर प्रतिक्रिया काय असेल, एवढंच कविता राज्यकर्त्यांना सांगते.

शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेतून मोजायचा, यासाठी न्यायालयाने जे माप घेतलं ते नागपूरचं आहे. 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते घालून दिलं होतं : शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धैर्यवान माणसांच्या निकषावर तोलायचा, दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसांच्या निकषावर नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेशी नाव जोडलं गेलेल्या पुस्तकाच्या प्रकरणातला 153-अ चा गुन्हा 2007 मध्ये रद्द झाला, तेव्हाही हेच माप वापरलं होतं.

तपास सुरू झाला आहे म्हणून उच्च न्यायालयाने कधीच हस्तक्षेप करू नये असा सरसकट नियम नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. न्यायमूर्तींना स्वतःला एखादे शब्द आवडले नाहीत तरी बोलणाऱ्याचा हक्क राखणं हे त्यांचं कर्तव्य आहे, अशा आशयाचं वाक्यही निकालात आहे.

कामाचा मुद्दा, ज्यासाठी वकील हा निकाल जवळ ठेवतात, तो वेगळा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये एक नवी सोय आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची खबर आली तर, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, पोलिसांना गुन्हा नोंदवण्याआधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. न्यायालय म्हणालं की बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांवर तक्रार असेल आणि शिक्षा या टप्प्यात बसत असेल, तर ही चौकशी करणं नेहमीच योग्य, आणि वरिष्ठांनी परवानगी सहसा द्यावी. शब्द नुसते वाचणं किंवा ऐकणं म्हणजे चौकशी नव्हे. ते तर कुठल्याही तक्रारीत आधी करायलाच हवं. जामनगरात ही सोय वापरली गेली नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

ठाणे अंमलदारापासून सुरुवात करू. सोहळा आणि गुन्हा यांत पाच दिवसांचं अंतर होतं. उर्दू जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाला बोलावून चार ओळींचा अर्थ लिहून घेतला असता आणि तो कागद उपअधीक्षकांकडे गेला असता, तर प्रकरण कदाचित ठाण्यातच संपलं असतं. गर्दी जमलेली असताना 'आधी गुन्हा दाखल करा' म्हणणाऱ्यांपुढे अंमलदाराची काय अवस्था होते हे मला माहीत आहे, त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. पण 173(3) मुळे आता त्याच्या हातात सांगण्यासारखं काही आहे : तक्रार घेतली आहे, चौदा दिवसांत कळवतो.

आरोपीच्या बाजूने दोन गोष्टी खटकतात. एक, नोटीस. गुन्हा खोटा वाटत असला तरी नोटिशीला लेखी उत्तर द्यावं, वकिलामार्फत मुदत मागावी. गैरहजेरीने गुन्हा सिद्ध होत नाही, पण याचिका फेटाळायला एक ओळ मिळते आणि ती इथे मिळाली. दोन, कवीचा शोध. 'माहीत नाही, आणि त्याने फरक पडत नाही' हे उत्तर पुरेसं होतं. चॅटजीपीटीचं नाव प्रतिज्ञापत्रात आल्यावर चर्चा अर्थावरून कर्त्याकडे वळली. अशा याचिकेत पहिल्या पानावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर ओळवार भाषांतर, आणि तिसऱ्यावर प्रत्येक कलमातला कोणता घटक गैरहजर आहे त्याचा तक्ता, एवढं असलं की बाकीच्या पानांचं महत्त्व आपोआप कमी होतं.

इतर प्रकरणांशी ताडून

3 जानेवारी ते 28 मार्च : तीन महिन्यांच्या आत प्रकरण मिटलं. आता दुसऱ्या टोकाला पाहू.

ऑगस्ट 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले पोलीस ठाण्यात एका काश्मिरी प्राध्यापकावर 153-अ चा गुन्हा दाखल झाला. पालक-शिक्षकांच्या गटात असलेल्या या प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरचा काळा दिवस म्हटलं होतं आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. शुभेच्छांत काही गैर नाही, पण काळ्या दिवसाचं विधान कारणमीमांसा न करता केलं आहे, असं तिथलं म्हणणं होतं. 7 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. पीठ तेच : ओक आणि भुयान. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं, गुन्हा पुसायला दीड वर्षाहून जास्त लागलं.

नागपूरचं उदाहरण आणखी लांबलेलं. एका व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या वादावरून 2017 मध्ये सैन्यातला एक जण आणि एक डॉक्टर यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदला गेला. नागपूर खंडपीठाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. लोक हल्ली आपापल्या धर्माबाबत पूर्वीपेक्षा जास्त हळवे झाले आहेत, असं निरीक्षण खंडपीठाने नोंदवलं, आणि गटातले निरोप बंदिस्त असतात, तिसऱ्याला ते दिसत नाहीत, हेही लक्षात घेतलं. सात वर्षं!

उलट त्याच नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये एका स्टेटसचा गुन्हा रद्द करायला नकार दिला होता. स्टेटस ठेवणाऱ्याने बघणाऱ्यांना एक प्रश्न गूगलवर शोधायला सांगितलं होतं आणि त्यातून एका धर्मगटाबद्दल धक्कादायक मजकूर समोर येत होता. स्टेटस हे ओळखीच्यांना काहीतरी कळवण्यासाठीच असतं, 'माझं स्टेटस फार थोड्यांनीच पाहिलं' हा बचाव होत नाही, असं न्यायालय म्हणालं. जामनगरशी फरक उघड आहे : तिथे कुठल्या धर्माचा उल्लेखच नव्हता, इथे रोख थेट एका गटावर होता.

तीन महिने, दीड वर्ष, सात वर्षं. गुन्ह्याची जात एकच, मग वेळेत एवढा फरक का? मजकुरातल्या फरकाने तो पुरता समजत नाही. खासदाराकडे दिल्लीतले ज्येष्ठ वकील असतात, अपील चार दिवसांत पटलावर येऊ शकतं. प्राध्यापकाला नोकरी सांभाळून लढावं लागतं. आणि 173(3) ची चौकशी केलीच नाही तर गुन्हा आपोआप बाद होतो, असंही जामनगरचा निकाल म्हणत नाही. आरोपीला याचिका घेऊन उच्च न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

ती पायरी काही जिल्ह्यांसाठी जवळ आली आहे, एवढा बदल नोंदवायला हवा. हातकणंगल्याच्या त्या गुन्ह्यासाठी मुंबई गाठावी लागली होती. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली प्रकरणं तिथे चालतात. आता तसा गुन्हा दाखल झाला तर याचिका तिथेच जाईल, आणि तिच्यात पहिली मागणी असायला हवी ती उपअधीक्षकांच्या परवानगीचा कागद न्यायालयापुढे आणण्याची.